पायथनमध्ये नावाचं पहिलं अक्षर कसं काढायचं? (पु. ल. चे 'प. ल.' झालेत)

पुस्तकखूण | सदाशिव पेठ

नमस्कार मंडळी,

मी पेठेतल्या एका जुन्या वाचनालयात काम करते. देवघेवीच्या काउंटरवर अजून लाकडी कप्पे आहेत, पण पुस्तकांची यादी आता एक्सेलमध्ये आली आहे. त्या यादीवरून पुस्तकांच्या पाठीवर चिकटवायची लेबलं छापायची आहेत. वर वर्गांक, खाली लेखकाचं नाव थोडक्यात. यादीत 'पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे' आहे, लेबलवर 'पु. ल. देशपांडे' हवं. लेबल बोटभर रुंद, पूर्ण नाव मावण्याचा प्रश्नच नाही.

भाच्याने पायथन बसवून दिलंय आणि जुजबी शिकवलंय. प्रोग्रॅम साधा आहे. फाइल उघडायची, नाव स्पेसवर स्प्लिट करायचं, शेवटचा तुकडा आडनाव, बाकीच्या तुकड्यांचं `नाव[०]` घ्यायचं, पुढे टिंब, आणि सगळं जोडायचं. (इथे शून्य देवनागरीत लिहिलंय. प्रोग्रॅममध्ये अर्थात इंग्रजी आकडा, नाहीतर पायथन चिडतं.) इंग्रजी पुस्तकांच्या यादीवर हे झकास चाललं. मराठी यादीवर हे आलं:

प. ल. देशपांडे
च. त. खानोलकर
ग. न. दांडेकर
ध. क. कर्वे
श. न. पेंडसे

चाचणीचा कागद काउंटरवर ठेवला होता. रोज सकाळी वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या एका सभासदांनी तो उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे च. त. कोण? नवीन का?" यांच्यासमोर 'पु'चा उकार उडवून चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

मग पहिली दोन अक्षरं घेऊन पाहिली. 'पु' आलं, पण लक्ष्मणचं 'लक' झालं, त्र्यंबकचं 'त्' झालं, आणि चिंतामणच्या 'चिं'वरचा अनुस्वार गेला. आडनाव लांब असेल तर सहावर तोडावं असं ठरवलं, तर कुलकर्णींचं 'कुलकर्' झालं. पाय मोडलेला र लेबलवर लटकतोय.

आणखी एक. 'कऱ्हाडे' शोधलं तर यादीतले काही कऱ्हाडे सापडतात, काही सापडत नाहीत. स्क्रीनवर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. ही यादी काही वर्षांपूर्वी बाहेरून टंकून घेतली होती, निरनिराळ्या माणसांनी टंकली आहे.

विंडोज आहे, पायथन तिसऱ्या पिढीचं. मी प्रोग्रॅमर नाही, तेव्हा जरा सावकाश सांगा.

---

हलन्तराव | बाणेर

ताई, आधी 'त्र्यंबक'ला `लेन()` (लांबी मोजणारं फंक्शन) लावून बघा. तुम्ही तीन म्हणाल: त्र्यं, ब, क. पायथन आठ म्हणेल. त्याला दिसतं ते असं: त, हलन्त (पाय मोडल्याची खूण), र, हलन्त, य, अनुस्वार, ब, क. 'पुरुषोत्तम'चे तसेच दहा होतात, कारण प वेगळा, उकार वेगळा, आणि 'त्त'मधला हलन्तसुद्धा वेगळा मोजला जातो. पायथनची स्ट्रिंग, म्हणजे मजकुराचा तुकडा, ही यूनिकोडच्या (प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकाच्या) क्रमांकांची माळ. `नाव[०]` म्हणजे माळेतला पहिला मणी. उकार हा पुढचा मणी आहे, तो तुम्ही मागितलाच नाही, म्हणून आला नाही.

ही रचना यूनिकोडने नव्याने शोधलेली नाही. त्याआधी भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचं मानक होतं, देवनागरीची मांडणी त्यावरून घेतली. व्यंजन, स्वरचिन्ह, हलन्त असे सुटे भाग साठवायचे आणि जोडाक्षर दाखवायचं काम फॉन्टवर सोडायचं. 'चि' लिहिताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते, पण साठवताना आधी च आणि मग वेलांटी. उच्चाराचा क्रम आहे तो, रेघोट्यांचा नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धी कोडी सुटतात.

आता उपाय. तुम्हाला हवंय ते नियमात सांगता येतं, आणि नियम रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधायच्या सूत्रात, बसतो. पायथनच्या सोबत येणाऱ्या `आरई` मॉड्यूलने काम भागतं:

`[क-ह](?:्[क-ह])*[ा-्]?[ँ-ः]?|[अ-औॲ]ॅ?[ँ-ः]?`

स्क्रीनवर मात्रा कंसांना चिकटलेल्या दिसतील, काही ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ दिसेल. घाबरू नका, कॉपी करून तसंच चिकटवा. वाचायचं असं: एक व्यंजन, मग हलन्त आणि व्यंजन अशी जोडी, नसली तरी चालेल, कितीही असल्या तरी चालतील, मग कान्यापासून हलन्तापर्यंतच्या पट्टीतलं एखादं चिन्ह असलं तर, मग चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग यांपैकी काही असलं तर. उभ्या रेघेनंतरचा भाग स्वराने सुरू होणाऱ्या नावांसाठी. ॲ वेगळा लिहावा लागतो, कारण तो यूनिकोडमध्ये २००८ साली आला आणि तोवर अ ते औ ही ओळ भरली होती, म्हणून त्याला लांब कोपऱ्यात जागा मिळाली.

कंसातलं प्रश्नचिन्ह-कोलन गाळू नका. ते गाळून `फाइंडऑल` (नमुन्यात बसणारे सगळे तुकडे देणारं फंक्शन) चालवलंत तर पायथन अख्खं अक्षर न देता फक्त कंसातला तुकडा देतं, आणि हातात रिकाम्या स्ट्रिंगांची यादी येते.

पहिल्या अक्षरासाठी `मॅच` वापरा. 'त्र्यंबक'चं 'त्र्यं', 'धोंडो'चं 'धों', 'श्रीपाद'चं 'श्री', 'कृष्णाजी'चं 'कृ' मिळेल. तोडायचं असेल तेव्हा `फाइंडऑल`ने अक्षरांची यादी करा आणि यादी तोडा. 'कुलकर्णी'चे कु, ल, क, र्णी असे चार तुकडे होतात, र कधीच लटकत नाही.

इंटरनेटवर बऱ्याच जागी बॅकस्लॅश-डब्ल्यू वापरा असं सापडेल. वापरू नका. `आरई`च्या लेखी मात्रा हे 'शब्दातलं अक्षर' नाहीच, त्यामुळे 'पुणे'चे 'प' आणि 'ण' असे दोन शब्द होतात. `इझअल्फा`चंही तेच: 'कमल' पास, 'शीला' नापास. मराठी नाव टाकल्यावर 'फक्त अक्षरे लिहा' असं सांगणारे ऑनलाइन फॉर्म पाहिले असतील, त्यांच्या पोटात बहुधा असलंच काहीतरी असतं. आकड्यांच्या बाबतीत मात्र पायथन दिलदार आहे. `इंट()`ला देवनागरीत '४११०३०' दिलंत तरी नीट संख्या करून देतं. जावास्क्रिप्टचं `पार्सइंट` त्यालाच 'ही संख्या नाही' म्हणतं.

फाइल उघडताना एन्कोडिंग स्वतः सांगा, 'यूटीएफ-८-सिग'. विंडोजवर सांगितलं नाही तर पायथन विंडोजचं जुनं एन्कोडिंग धरतं आणि देवनागरीचा चिखल होतो. शेपटीतलं 'सिग' अशासाठी की एक्सेल यूटीएफ-८ सीएसव्ही लिहिताना फाइलच्या तोंडाशी एक न दिसणारी खूण ठेवतं. ती काढली नाही तर पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि 'लेखक' नावाचा रकानाच नाही असं ऐकून घ्यावं लागतं.

कऱ्हाड्यांचं प्रकरण वेगळं आहे. त्यावर इथले डीटीपीवाले काका जास्त चांगलं बोलतील.

---

एफसीरोड_कट्टा

काकू, एवढं हाताने कशाला? `रेजेक्स` नावाची वेगळी लायब्ररी आहे, पिपने (पायथनच्या लायब्रऱ्या बसवायच्या साधनाने) बसते. त्यात बॅकस्लॅश आणि कॅपिटल एक्स दिलं की एक पूर्ण अक्षर मिळतं. एका ओळीत काम खल्लास. स्विफ्टमध्ये तर स्ट्रिंग मुळातच असं मोजते.

---

हलन्तराव | बाणेर

@एफसीरोड_कट्टा, त्र्यंबकवर चालवून पाहिलंस का? तो एक्स यूनिकोडच्या अक्षरगटांच्या नियमावर चालतो. त्या नियमात हलन्तानंतर गट तुटायचा, म्हणजे 'त्', 'र्', 'यं' असे तीन तुकडे. देवनागरीची जोडाक्षरं एकत्र ठेवणारा नियम २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला. तुझ्या मशीनवरची लायब्ररी त्यानंतरची असेल तर 'त्र्यं' मिळेल, वाचनालयातल्या जुन्या मशीनवर 'त्' मिळेल. प्रोग्रॅम तोच, लेबलं दोन तऱ्हेची. ताईंना उद्या मशीन बदलावं लागलं तर? त्यापेक्षा नियम आपल्या हातात लिहिलेला बरा, ओळ लांब झाली तरी.

बाकी लायब्ररी उत्तम आहे, वाद नाही.

---

अबचौक_डीटीपी

मला काका केलंत, ठीक आहे. आयुष्य अप्पा बळवंत चौकात लग्नपत्रिका आणि गाइडं जुळवण्यात गेलं, तेव्हा हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे.

बाई, तुमच्याकडचे कऱ्हाडे किमान तीन प्रकारचे आहेत. पहिला टंकणारा इनस्क्रिप्ट कळफलक शिकलेला. त्याने शिफ्ट धरून जे दाबलं, त्याला पायाखाली टिंब असलेला ऱ मिळाला, त्यापुढे हलन्त, मग ह. हा राजरस्ता. दुसऱ्याला तो ऱ ठाऊक नव्हता. त्याने साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग ह असं टंकलं. छापल्यावर दोन्ही डिट्टो. मशीनला मात्र ती दोन वेगळी आडनावं. तिसऱ्याने सरळ र, हलन्त, ह टंकलं आणि डोक्यावर रफार देऊन 'कर्हाडे' केलं. हा डोळ्याला तरी दिसतो, पण घाईत कोण बघतंय? गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे सगळ्यांची हीच कथा असणार, चाळून बघा.

तसाच ॲ. एकाने ॲ टंकलेला असेल, दुसऱ्याने अ वर चंद्र ठेवून अॅ, तिसऱ्याने ए वर चंद्र देऊन ऍ. वकिलांची पुस्तकं 'ॲड.'खाली शोधून बघा, निम्मी हाती लागतील. आणि 'दुःख'! विसर्गाऐवजी इंग्रजी कोलन टंकायची खोड मराठी माणसाला जन्मजात आहे. 'दु:ख' असलेली शीर्षकं वेगळी, 'दुःख' असलेली वेगळी.

यादीत कुठे 'Ö' सारखी किंवा भलतीसलती इंग्रजी अक्षरं दिसली तर ती यूनिकोडच्या आधीच्या फॉन्टांतली टंकणी समजा. त्या काळात फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवायचा. तिथे वेलांटी आधी टंकायची, मग व्यंजन, जशी दिसते तशी. तो मजकूर दुसऱ्या फॉन्टात उघडला की कचरा. त्याला कन्व्हर्टर लागतो आणि नंतर वेलांट्या हाताने तपासाव्या लागतात. त्याला पर्याय नाही.

आणि आडनाव तोडायचं मनातून काढून टाका. 'कुलक' छापलंत काय आणि 'कुलकर्' काय, दोन्ही वाईटच. अक्षरं मोजून लेबलची रुंदी कळत नाही. 'र' किती अंग चोरून बसतो आणि 'क्ष' किती ऐसपैस, जुळारी असतो तर दाखवलं असतं. लांब आडनावाला टाइप एक-दोन पॉइंट बारीक करा. मजकुराला कात्री लावायची नसते.

---

हलन्तराव | बाणेर

काकांनी सांगितलेलं पायथनमध्ये असं. `यूनिकोडडेटा` मॉड्यूलमधलं `नेम` प्रत्येक मण्यावर चालवून बघा. सापडणाऱ्या कऱ्हाड्यात 'देवनागरी लेटर आरआरए' दिसेल, न सापडणाऱ्यात 'झीरो विड्थ जॉइनर'. त्याच मॉड्यूलमध्ये `नॉर्मलाइझ` आहे, यूनिकोड ज्यांना समान मानतं ती वेगवेगळी रूपं ते एक करतं. त्याला 'एनएफसी' (त्यातला एक प्रकार) द्या. पण त्याच्या भरवशावर राहू नका. र आणि खाली सुटा नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं टंकलं असेल तर त्याचा ऱ ते करतं. जोडकाचा ऱ्ह ते करत नाही, कारण यूनिकोडच्या लेखी ती दोन रूपं समान नाहीत. ॲ आणि अॅ यांनाही ते एक मानत नाही. तेव्हा एनएफसी झाल्यावर `रिप्लेस`च्या ओळी स्वतः लिहायच्या: र-हलन्त-जोडक याचा ऱ-हलन्त, अॅ आणि ऍ यांचा ॲ, देवनागरी अक्षराला चिकटून आलेल्या कोलनचा विसर्ग. क्रम महत्त्वाचा आहे. जोडक सरसकट आधीच पुसलात तर सगळे ऱ्ह रफारात जातील आणि मग कोणता मूळचा कोण ते कळायची सोय नाही.

कोलनच्या ओळीवर डोळा ठेवा. 'पुणे: एक शहर' असं शीर्षक असेल तर तिथला कोलन खराच आहे. पुढेही लगेच देवनागरी अक्षर असेल तरच बदला.

`स्ट्रिप()` लावलंय म्हणून नावाच्या शेवटी काही राहिलं नाही असं समजू नका. ते स्पेस काढतं, जोडक काढत नाही.

छापायचं नाव आणि शोधायची किल्ली असे दोन रकाने ठेवा. किल्लीत काय हवी ती तोडफोड करा, छापायच्या रकान्याला हात लावू नका.

जाता जाता: सभासदांना मराठीत एसएमएस पाठवत असाल तर तिथेही मणीच मोजतात. देवनागरी आलं की एका एसएमएसची मर्यादा १६० ची ७० होते. 'पुस्तक परत करावे' ही डोळ्याला नऊ अक्षरं, हिशेबात दोन स्पेस धरून १६.

---

पुस्तकखूण | सदाशिव पेठ

मंडळी, चाललं! पु. ल., चिं. त्र्यं., गो. नी., धों. के., श्री. ना. सगळे जागेवर. कऱ्हाडे एका कुटुंबात आले. काकांचं ऐकून आडनाव तोडायचं सोडलं आणि टाइप बारीक केला, खरंच बरं दिसतंय. @एफसीरोड_कट्टा, काकू नको, ताई चालेल.

आता यादी कपाटाच्या क्रमाने लावायला `सॉर्टेड` वापरलं. बरीचशी नीट लागली, पण क्षीरसागर 'क'च्या शेवटी, कोल्हटकरांनंतर आणि खांडेकरांच्या आधी आले. आमच्या नोंदवहीत शाळेच्या तक्त्याप्रमाणे ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ. शिवाय 'काळे' आमच्याकडे 'कावरे', 'कासार' यांच्या नंतर असतात. पायथनने आधी लावले. कपाटं नोंदवहीच्या क्रमाने लागलेली आहेत आणि ती हलवायला माझ्याकडे माणसं नाहीत, तेव्हा पायथनलाच हलवावं लागेल.

---

एफसीरोड_कट्टा

ताई, सॉरी. क्ष, ज्ञ, ळ यांच्या जागी सॉर्टपुरतं यूनिकोडच्या अगदी शेवटचं काहीतरी अक्षर ठेवा ना, आपोआप ह च्या पुढे जातील.

---

हलन्तराव | बाणेर

ह च्या पुढे जातील, पण काना-मात्रांच्याही पुढे जातील. मग 'कळमकर' हे 'काळे', 'किर्लोस्कर', 'कोल्हटकर' या सगळ्यांनंतर येतील. ळ हवा ह नंतर, पण कान्याच्या आधी.

गंमत म्हणजे तिथे नेमक्या जागा आहेत. यूनिकोडच्या तक्त्यात ह आणि काना यांच्यामध्ये चार घरं आहेत. पहिल्या दोनांत काश्मिरीसारख्या भाषांसाठीची स्वरचिन्हं, तिसऱ्यात नुक्ता, चौथ्यात अवग्रह (ऽ). पहिली दोन तुमच्या आडनावांत येणार नाहीत. अवग्रहही आडनावात कशाला येईल? तेव्हा सॉर्टच्या किल्लीपुरतं ळ ला पहिल्या घरात, क्ष ला दुसऱ्या आणि ज्ञ ला चौथ्या घरात पाठवा. तीन `रिप्लेस`, आणि ते फंक्शन `सॉर्टेड`ला `की` म्हणून द्या. क्ष हे तीन मण्यांचं आहे (क, हलन्त, ष), त्या तिघांच्या जागी एकच मणी येतो, म्हणून ते 'क'च्या गटातून सुटतं. किल्ली कधी छापू नका, वाचता येणार नाही.

हे जुगाड आहे, मान्य. शिस्तीत करायचं तर आयसीयू नावाची लायब्ररी आहे, भाषावार क्रमाचे नियम तिच्यात असतात. पण विंडोजवर पायथनसाठी ती बसवणं किचकट आहे, आणि तुमच्या नोंदवहीचा क्रम हा शेवटी तुमच्या नोंदवहीचा आहे. अनुस्वाराचं काय करता तेही बघा. पायथन 'कंक' हे 'कदम'च्या आधी लावेल, कारण अनुस्वाराचा क्रमांक सगळ्या स्वर-व्यंजनांच्या आधीचा आहे.

---

पुस्तकखूण | सदाशिव पेठ

अनुस्वार आमच्याकडेही आधीच आहे, वाचले. काळे कासारांनंतर गेले, क्षीरसागर शेवटच्या कपाटात परतले.

आता जे उरलंय ते नियमात बसणारं नाही, ते माझ्या बाजूचं आहे. यादीत 'इरावती दिनकर कर्वे' आहे आणि प्रोग्रॅमने इमानदारीत 'इ. दि. कर्वे' छापलं. अक्षर बरोबर आहे, लेबल चूक आहे. इरावती कर्वे हे नाव असं कोणी लिहीत नाही, आणि त्या नावाने कोणी शोधायला येणार नाही. धों. के. कर्वे त्याच कपाटात आहेत, त्यांचं लेबल तसंच हवं. बायकांची नावं मराठीत सहसा पूर्ण लिहितात, तर 'बाई असेल तर पूर्ण' असा नियम करावा म्हटलं, पण बाई आहे हे पायथनला कोण सांगणार? राम गणेश गडकरी हे तर बाप्ये असूनही पूर्णच म्हणायचे. खानोलकरांच्या कवितांवर 'आरती प्रभू' असतं, कादंबऱ्यांवर 'चिं. त्र्यं.'. वि. वा. शिरवाडकर नाटकांच्या कपाटात, कुसुमाग्रज कवितांच्या.

म्हणून दुसरी फाइल केली आहे. डावीकडे यादीतलं पूर्ण नाव, उजवीकडे लेबलवर जे छापायचं ते, मधल्या रकान्यात विभाग. प्रोग्रॅम आधी तिथे बघतो, तिथे नसेल तरच अक्षरं काढतो. टोपणनावं काउंटरवरचे तेच सभासद चष्मा कपाळावर चढवून सांगताहेत, मी टंकते आहे. यादी वाढतेच आहे.

---

अबचौक_डीटीपी

ती फाइल इथे टाकाल का? आमच्याकडे पुस्तक-प्रदर्शनाचे फलक जुळवताना हीच बोंब असते.

---

पुस्तकखूण | सदाशिव पेठ

कवितांचं कपाट संपलं की टाकते. एक्सेलमधून साठवताना यूटीएफ-८ वाला सीएसव्ही निवडलाय. टोपणनावात चूक दिसली तर इथेच सांगा, लेबलं चिकटवायच्या आधी.